ज्यांच्यासमोर बोललीस, त्यांच्यासमोर

लंडनमधल्या पिनरची ती मुलगी आणि मी एडिनबरामध्ये एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो. युनिव्हर्सिटीच्या हॉलमधला, म्हणजे हॉस्टेलमधला फ्लॅट. पाच मुली, पाच खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक किचन. मी नागपूरहून मास्टर्स करायला आले होते, स्टुडंट व्हिसावर. ती इथेच जन्मलेली, आईवडील मूळचे पुण्याचे. पहिल्या दिवशी माझ्या बॅगेतला पोह्यांचा डबा बघून ती किंचाळली होती, "ओ माय गॉड, तू मराठी आहेस?" आणि मला मिठी मारली होती. ही मिठी मी मुद्दाम सांगते आहे. आमचं वाईट पहिल्यापासून नव्हतं.

सुरुवातीला आम्ही एकत्र स्वयंपाकही केला. तिचं मराठी म्हणजे निम्मं इंग्रजी, आणि उरलेल्या निम्म्यात लिंगाचा पत्ता नाही. "माझा आई खूप छान आमटी करतो," असं ती बिनधास्त म्हणायची. मी कधी हसले नाही. पण मी फोनवर घरी "काहून" म्हटलं की ती खो खो हसायची, आणि आईला व्हिडिओ कॉलवर ऐकवायची. तिची आईही हसायची. हसू दे, म्हटलं.

फेब्रुवारीत तिचा वाढदिवस झाला. किचनमध्ये पार्टी होती. सिगरेटी ओढता याव्यात म्हणून तिनं छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. हॉलमध्ये हा मोठा गुन्हा असतो. मी थोडा वेळ बसले, केक खाल्ला आणि खोलीत गेले.

पुढच्या आठवड्यात वॉर्डनबाईंनी तिला एकटीलाच बोलावून घेतलं. लेखी वॉर्निंग मिळाली. त्याहून वाईट म्हणजे, ती पुढे पीएचडीला तिथंच राहणार होती आणि नव्या मुलामुलींची काळजी घेणारी रेसिडेंट असिस्टंट म्हणून तिची निवड झालेली होती. ती निवड रद्द झाली. तिला त्या पदाचा फार अभिमान होता, पिनरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

नेमकी त्याच दिवशी सकाळी मी वॉर्डनच्या ऑफिसात गेले होते. माझ्या खोलीतला रेडिएटर आठवडाभर थंडगार पडला होता आणि मी दोन स्वेटर घालून झोपत होते, एवढंच त्याचं कारण. पण तिच्या एका मैत्रिणीनं मला तिथून बाहेर पडताना पाहिलं.

संध्याकाळी मी किचनमध्ये डाळ लावत होते. ती आत आली. मागे फ्लॅटमधल्या बाकी तिघी होत्या, आणि तिचे दोन मित्र. माझ्याकडे बोट करून ती त्यांना म्हणाली, "शी इज अ ग्रास."

मला कळलंच नाही. ग्रास म्हणजे गवत. मी खरंच स्वतःच्या अंगाकडे पाहिलं, काही चिकटलंय का म्हणून. तिचे मित्र हसले. आमच्यात एक ग्लासगोची मुलगी होती, तिनं खालमानेनं समजावलं की पोलिसांना बातम्या पुरवणाऱ्याला इथं तसं म्हणतात.

मग पिनरवालीनं तेच मराठीत सांगितलं, माझ्या सोयीसाठी. "तू चुगली केला. वॉर्डनला जाऊन सांगितला."

"मी रेडिएटरसाठी गेले होते."

"शुअर. व्हिसावर आलेली लोकं अशीच असतात. घाबरट. रूल मोडला की जीव जातो तुमचा."

डाळ उतू जात होती. मी गॅस बंद केला. चुगलीचा आळ मी कदाचित सहन केला असता. गैरसमज होतात. पण 'व्हिसावर आलेली लोकं' म्हणताना तिनं ओठ असा मुडपला, की तिचे आजोबा जणू बर्कशायरचे जमीनदार होते.

मी म्हटलं, "हे शब्द परत घे. आत्ता, यांच्यासमोर."

"नाहीतर काय करशील? सांगशील वॉर्डनला?"

सगळे हसले. ग्लासगोवाली हसली नाही, पण बोललीही नाही.

त्या दिवसापासून आमच्यातलं बोलणं संपलं. मी किचनमध्ये गेले की ती फ्रीजचं दार आपटायची. माझ्या कपाटाला कोणीतरी हिरव्या गवताचं चित्र काढलेला कागद चिकटवला. मी तो काढला नाही. राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा आणि विचारावं, असं मला वाटत होतं. कोणी विचारलं नाही.

ग्लासगोच्या मुलीला हे वातावरण सहन होईना. ती मध्यस्थ झाली. पिनरवालीच्या खोलीतून माझ्या खोलीत, माझ्या खोलीतून पुन्हा तिकडे, अशी ती बिचारी निरोप वाहायला लागली.

पहिला निरोप आला, "तुला वाईट वाटलं असेल तर ती सॉरी आहे."

मी म्हटलं, "वाटलं असेल तर, हे चालणार नाही. मी खोटा आळ घेतला, असं तिनं म्हणायचं. ज्यांच्यासमोर बोलली, त्यांच्यासमोर."

ती गेली आणि परत आली. "तू सांगितलं नाहीस अशी आईची शपथ घेतलीस, तर ती मागे घेईल."

"आईची शपथ मी का घेऊ? आळ तिनं घेतलाय. तिनं सिद्ध करावा."

ग्लासगोवाली माझ्या पलंगाच्या काठावर बसली. "प्लीज, फक्त एक वाक्य आहे. म्हणून टाक ना."

"तिच्याकडूनही एकच वाक्य मागतेय मी."

घरी फोन केला तर आईचंही तेच. "तू काहून तिच्या नादी लागते? घे शपथ न मोकळी हो." बाबा मागून म्हणाले, "शिकायला गेली का भांडायला गेली, विचार तिला." मी फोन ठेवला. माझ्याच घरात माझी बाजू घ्यायला कोणी नव्हतं, आणि त्यामुळे माझा हट्ट आणखीच घट्ट झाला.

गुढीपाडव्याला एडिनबराच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता. मी साडी नेसून गेले. दारातच मला जाणवलं की तिनं आधीच येऊन सगळ्यांना सांगून ठेवलंय. ज्या बायकांनी दिवाळीत मला डबे भरून दिले होते, त्या एकदम श्रीखंड वाढण्यात गढून गेल्या. मी एका रिकाम्या खुर्चीवर बसले, तर शेजारची मुलगी फोनवर बोलायच्या निमित्तानं उठली.

मंडळातल्या एका काकांना सगळे मानत. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते, इथं पंचवीसेक वर्षं काढलेली. त्यांनी आम्हा दोघींना एका कोपऱ्यात नेलं, पण कोपरा असा निवडला की सगळा हॉल बघू शकेल.

"नवीन वर्ष आहे. दोघी हात मिळवा आणि विषय संपवा," ते म्हणाले.

तिनं लगेच हात पुढे केला. हसतमुख, सगळ्यांना दिसेल असा.

मी म्हटलं, "काका, तुमचा मान ठेवते. पण हिनं मला सगळ्यांसमोर चुगलखोर म्हटलंय आणि इथंही तेच सांगितलंय. आधी ते मागे घेऊ दे, मग हात मिळवते."

"अगं, एवढं ताणायचं नसतं."

"तुम्हाला कोणी तुमच्या वॉर्डात खोटारडे म्हटलं तर तुम्ही हात मिळवाल का?"

काकांचा चेहरा पडला. त्यांना माझ्याकडून उलट प्रश्नाची सवय नव्हती. ती हात तसाच हवेत धरून म्हणाली, "सी? आय ट्राइड." आणि सगळ्या हॉलनं पाहिलं की तिनं हात पुढे केला आणि मी केला नाही.

मी श्रीखंड न खाता निघाले. ती माझ्या मागोमाग फ्लॅटवर आली. किचनमध्ये आम्ही दोघीच होतो. मी पाणी पीत होते.

"काकांसमोर माझा इन्सल्ट केलास तू."

"तुझा? तुझा अपमान झाला?"

"गो होम. नागपूरला जा. तुला इथं कोणी बोलावला होता?"

मी ग्लास ठेवला आणि दाराकडे निघाले. ती दारात उभी होती. "बाजूला हो," मी म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी मला ढकललं. साडीत पाय अडकला, मी मागे गेले आणि ओट्याच्या कडेवर डावं मनगट आपटलं. आवाज आला. तिनंही तो ऐकला. क्षणभर तिचा चेहरा घाबराघुबरा झाला, आणि मग ती खोलीत निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला.

ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, मला ग्लासगोवालीनं नेलं. तासन्तास बसून प्लास्टर घालून परत आलो. टॅक्सीत ती म्हणाली, "उद्या वॉर्डनला सांग. तिला हॉलमधून काढतील. कदाचित युनिव्हर्सिटीतूनही."

वॉर्डनबाईंनी दुसऱ्या दिवशी मला आपणहून बोलावलं. प्लास्टरकडे पाहिलं. "हे कसं झालं?"

"पडले."

"तुला कोणी ढकललं का? माझ्या कानावर आलंय की तुमच्या फ्लॅटमध्ये बरं चाललेलं नाही. तू नाव सांगितलंस तर ते या खोलीबाहेर जाणार नाही."

माझ्या ओठांवर तिचं नाव आलं होतं. एका शब्दात तिचं सगळं संपवता आलं असतं. पण ते नाव घेतलं असतं तर तिनं माझ्याबद्दल जे सांगितलं होतं, ते मी माझ्याच तोंडानं खरं केलं असतं.

"साडीत पाय अडकला," मी म्हटलं. अर्धं खरंच होतं.

त्याबद्दल मला शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण जे मिळालं, तेही अपेक्षित नव्हतं. दोन दिवसांनी तिच्या खोलीतून आवाज ऐकला, फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही बोलली काही. शी इज स्केअर्ड ऑफ मी."

यानंतर ग्लासगोवालीचा संयम संपला. मला न विचारता ती वॉर्डनकडे गेली आणि सरळ विचारलं की शॉवर कॅपचं त्यांना कोणी सांगितलं. बाईंना आश्चर्य वाटलं. कोणीच सांगितलं नव्हतं. वाढदिवसाचा व्हिडिओ पिनरवालीनं स्वतःच सोशल मीडियावर टाकला होता, आणि हौसेनं हॉलच्या पेजला टॅग केलं होतं. ती केक कापत होती आणि वर छतावर, फ्रेमच्या मधोमध, अलार्मला घातलेली गुलाबी ठिपक्यांची शॉवर कॅप दिसत होती.

ग्लासगोवालीनं सगळ्यांना किचनमध्ये जमवलं आणि फोन टेबलावर ठेवून तो व्हिडिओ लावला. 'हॅपी बर्थडे' शेवटपर्यंत वाजू दिलं. मग वॉर्डनबाई काय म्हणाल्या, ते सांगितलं.

मी पिनरवालीकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणेल. तिच्या ओठांशी काहीतरी आलंही होतं.

मग ती म्हणाली, "व्हॉटएव्हर. पण तू सांगितला असतास. चान्स मिळाला असता तर तू नक्की सांगितला असतास."

माझ्या गळ्यात प्लास्टरची झोळी होती. मी नुसता हात थोडा वर उचलला. तिनं तिकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि गेली. बाकीच्यांना काही कळलं नाही, ग्लासगोवालीला कळलं.

जूनमध्ये ती सुट्टीसाठी पिनरला जायला निघाली. तिची आई गाडी घेऊन न्यायला आली होती. मी कॉरिडॉरमध्ये समोर आले, तर काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच ना ती नागपूरची? शिकलेली मुलगी तू. आपल्याच माणसाचं असं नुकसान करायचं असतं का गं?"

म्हणजे घरी अजून तेच माहीत होतं. ती मागे खोका घेऊन उभी होती, आणि तिची मान अगदी सूक्ष्म हलली. नको, अशी.

मी म्हटलं, "काकू, मी काही सांगितलं नव्हतं. कोणामुळे कळलं ते तुमच्या मुलीला पक्कं माहीत आहे. तिला विचारा."

"काय गं?" काकू वळल्या.

"मम्, पार्किंग संपतोय."

काकूंचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. प्लास्टर निघालं होतं, आधाराचा पट्टा होता. "आणि हाताला काय झालं तुझ्या?"

"तेही तिलाच विचारा," मी म्हटलं आणि खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं. जिन्यावरून आधी काकूंचा आवाज आला, मग तिचा, मग पुन्हा काकूंचा, चढलेला. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला. तिच्या वतीनं मी माफी मागते, आमचं चुकलं, असं बरंच लिहिलं होतं. त्यांना लिहायला जड गेलं असणार. मी उत्तर दिलं, "काकू, तुम्ही माझं काही केलं नाही. तुमची माफी मला नको. तिची हवी." ती माफी काही आली नाही.

आता मी लंडनजवळ मेडनहेडला नोकरी करते. तीही पीएचडी सोडून लंडनला आली आहे, असं कळलं. आसपासच्या मराठी कार्यक्रमांत आमची गाठ पडते. सुरुवातीला ओळखीच्या बायका मला आधीच सांगायच्या, "ती येणार आहे हं," म्हणजे मी टाळू शकेन म्हणून. आता सांगत नाहीत. कारण ती येणार असली की मी हमखास जाते, चांगली साडी नेसून, आणि पुढच्या रांगेत बसते. ती मागे कुठेतरी बसते, आणि कार्यक्रम संपायच्या आत निघून जाते.