टॅलो आयलंडची पाणबुडी आणि शुक्रवारचं टेबल

सरोवराकाठच्या आमच्या मॅनिटोवॉक गावात अल्युमिनियमच्या भांड्यांचा कारखाना होता, त्या काळात आर्डेल झेलिंकाने अख्खी नोकरी झाकणांच्या खात्यात काढली. पातेली एका खात्यात, कान दुसऱ्या खात्यात आणि झाकणं आर्डेलकडे. कारखाना बंद पडून आता जमाना झाला, पण सवय गेली नाही. दुकानात कुठलंही भांडं हातात घेतलं की ती आधी झाकण बसवून बघते, किंमत नंतर. पुतणीच्या लग्नात नवरा-नवरी नाचत होती तेव्हा ही बाई जेवणाच्या टेबलावरच्या मोठ्या भांड्यांची झाकणं सरळ करत हिंडत होती. तेव्हा टीव्हीवरच्या पाणबुडीचं झाकण तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

ती पाणबुडी 'टॅलो आयलंड' या मालिकेतली. मालिका दर गुरुवारी लागायची. एक बेट, बेटावर थोडी माणसं, आणि आपण इथे कसे आलो हे त्यांतल्या एकालाही आठवत नाही. भरपूर धुकं, विझलेलं दीपगृह, त्याचा दिव्यावाला आणि सतत खोकणारा एक डॉक्टर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका पहाटे धक्क्याला एक काळी पाणबुडी लागलेली दिसली. तिच्यातून कुणी उतरलं नाही, तिच्यात कुणी चढलंही नाही. पुढच्या भागात ती नाहीशी झाली, आणि लोक विसरायला आले तेव्हा पुन्हा हजर. ही कुणाची, कुठून येते, आत कोण आहे, यावर लोकांनी इंटरनेटवर इतकं लिहिलं की तेवढ्या कागदाची खरी पाणबुडी झाली असती.

आर्डेलला ही मालिका लावली तिच्या नवऱ्याने, नॉर्बर्टने. लावली म्हणजे टीव्ही त्याने सुरू केला आणि पहिल्या जाहिरातीला तो झोपला. दर गुरुवारी हेच. मग शुक्रवारी मासे खाताना आर्डेल त्याला काय घडलं ते सांगायची. शुक्रवारी बाहेर मासे न खाणारा माणूस आमच्या गावात एक तर आजारी असतो, नाही तर नवा. झेलिंका नवराबायको वर्षानुवर्षं ड्वोराकच्या सपर क्लबात, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या हॉटेलात जायची. तळलेला पर्च मासा, बटाट्याचे पॅनकेक, राय धान्याचा काळसर पाव, कोबीची कोशिंबीर. नॉर्बर्ट कोबीला शिवत नसे, त्यामुळे आर्डेलला दोन वाट्या मिळत. गोष्ट त्याला कधीच समजली नाही, पण चुकीचे प्रश्न विचारावेत तर त्यानेच. "म्हणजे तो डॉक्टर त्या दिव्यावाल्याचा मेहुणा?" असं तो विचारी, आणि आर्डेल काटा खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

नॉर्बर्ट गेल्यावर ती एकदाच ड्वोराककडे गेली. वाढणारी बेव्ह चांगली बाई, पण शुक्रवारच्या गर्दीत एकट्या माणसाला टेबल कुठून देणार? तिने आर्डेलला बारच्या उंच स्टुलावर बसवलं. पाय लोंबकळत ठेवून आर्डेलने मासे खाल्ले. कोबीची एकच वाटी आली. त्यानंतर ती गेली नाही. शुक्रवारी घरीच गोठवलेल्या माशाच्या कांड्या ओव्हनमध्ये टाकू लागली. आमच्याकडे याला जेवण म्हणत नाहीत, हार म्हणतात.

पण गुरुवारी मालिका बघितली की सांगायला कुणीतरी हवं ना. एका गुरुवारी न राहवून तिने मालिकेच्या चाहत्यांच्या साइटवर लिहिलं, "त्या पाणबुडीच्या झाकणाचं चाक फक्त बाहेरून आहे. आत कुणी असेल तर त्याला स्वतः बाहेर येता यायचं नाही. मी झाकणांतली आहे."

सकाळी उठून बघते तो ही उत्तरांची रास. कुणी तिला देवी ठरवलं, कुणी मूर्ख. त्यांत एकाने लिहिलं होतं, "बाई, तुम्ही मॅनिटोवॉकच्या का? 'मी झाकणांतली' असं जगात दुसरीकडे कुणी म्हणत नाही."

हा गॉर्डी टोलेफसन. सरोवरावरच्या मोटारी नेणाऱ्या बोटीवर जन्मभर नोकरी केलेला, बायकोने सोडलेला, आवाज अजून वादळात बोलल्यासारखा. त्याच्या पाठोपाठ उत्तर आलं याच गावच्या माय यीआ थाओचं. ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. या दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती कित्येक महिने पुड्यांत भरून देत होती, आणि हे तेच आहेत याची तिला गंधवार्ता नव्हती.

"शुक्रवारी भेटू या ड्वोराककडे," गॉर्डीने लिहिलं. "मासे तर खायचेच आहेत."

बेव्हने आर्डेलला दारात बघितलं आणि मागे दोन माणसं बघितली. मग तिने खिडकीजवळचं गोल टेबल पुसलं.

त्या टेबलावर पुढची तीन वर्षं जे बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही हे बरंच झालं.

"अख्खं बेटच पाणबुडी आहे," गॉर्डी पाव हलवत म्हणायचा. "वरची झाडंबिडं नुसता देखावा."

"मग धक्क्याला लागते ती काय?" आर्डेल विचारायची.

"ती पिल्लू."

"गॉर्डी, तू बोटीवर नक्की काय काम करत होतास रे?"

"लोकांना गाड्यांतून उतरवत होतो. शहाण्या माणसांना पटकन उतरता येत नाही, एवढं तिथे शिकलो."

माय यीआचं म्हणणं वेगळं होतं. "माझी आजी म्हणायची, मेलेल्या माणसाचा आत्मा जिथे जिथे राहिला त्या सगळ्या गावांतून परत जातो आणि मग सुटतो. ती पाणबुडी माणसांना उलटं घेऊन जातेय. तुम्ही बघा आर्डेल, तसंच निघेल."

"तुझी आजी मालिका बघते?"

"ती कोंबड्यांवर लक्ष ठेवते आणि मध्ये मध्ये टीव्हीवर. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."

एकदा तर तिघं आमच्या नदीवरच्या पाणबुडीत शिरली. लढाईच्या काळात या गावाने पाणबुड्या बांधून नदीत आडव्या ढकलल्या, त्यामुळे इथल्या प्रत्येक माणसाला आपल्याला पाणबुडीतलं कळतं असं वाटतं. जुनी एक बघायला ठेवली आहे. माहिती सांगणारे म्हातारबाबा इंजिनांबद्दल जीव तोडून बोलत होते आणि आर्डेल शिडीवर चढून झाकणाचं चाक फिरवत होती.

"बाई, ही खरी पाणबुडी आहे," म्हातारबाबा म्हणाले.

"ते दिसतंय हो," आर्डेल म्हणाली. "आम्हाला खोटीबद्दल विचारायचंय."

खरीचं झाकण आतूनही उघडत होतं. आर्डेलला त्याने काही फरक पडला नाही. खरीवाल्यांनी काम नीट केलं होतं, एवढाच त्याचा अर्थ तिने लावला.

गॉर्डीही कोबी खात नाही, हे तिला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. त्याने वाटी तिच्याकडे सरकवली तेव्हा ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. पुढे कधीतरी गॉर्डीने विचारलं, "म्हणजे तो डॉक्टर त्या दिव्यावाल्याचा मेहुणा का?" आर्डेलने काटा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि मग एका मार्चमध्ये बातमी आली की टॅलो आयलंड मे महिन्यात संपणार. शेवटच्या भागात सगळ्याचा उलगडा.

गॉर्डीला आनंद मावेना. माय यीआने आजीला सांगून ठेवलं. आर्डेल मात्र हसून "हो का, छान" म्हणाली आणि घरी येऊन कोट न काढताच खुर्चीत बसली. तिला हिशेब दिसत होता. पाणबुडी आहे म्हणून शुक्रवार आहे. पाणबुडीचं कोडं सुटलं की गॉर्डीला झाकणांतल्या बाईशी बोलायला काय उरतं? माय यीआला घरी नवरा आहे, दोन मुली आहेत, आजी आहे, कोंबड्या आहेत. त्यांना मालिका बघायची होती, आर्डेलला टेबल हवं होतं. एवढाच फरक, पण तो तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

एप्रिलमध्ये बेव्हने तिला बाजूला घेतलं. "बाई गं, एक विचारू? ते पत्ते खेळणारे सहाजण शुक्रवारसाठी तुमचं टेबल मागतायत. तुमची मालिका संपतेय ना? संपल्यावर देऊ का त्यांना?"

"विचारून सांगते," आर्डेल म्हणाली.

पण विचारणार कसं? आमच्याकडे माणूस बुडत असला तरी "तुम्हाला सवड असेल तर" अशी सुरुवात करतो. "मालिका संपल्यावरही माझ्याबरोबर जेवाल का" असं तोंडावर विचारणं म्हणजे भर चौकात रडण्यासारखंच. ती दर शुक्रवारी विचारायचं ठरवून जायची आणि कोबी खाऊन परत यायची.

शेवटचा भाग तिच्या घरी बघायचं ठरलं. तिने हॅमचे सँडविच केले, लिंबाच्या वड्या केल्या. माय यीआने आजीच्या हातचे एग रोल आणले, गॉर्डीने चीज आणि ब्रँडी. बाहेर अजून उजेड होता. तिघं सोफ्यावर ओळीने बसली, मधे आर्डेल.

बेटावरच्या माणसांना एकेक करून सगळं आठवलं. डॉक्टरचा खोकला थांबला. दीपगृह पेटलं. सगळी टेकडीवर जमली, एकमेकांच्या गळ्यात पडली, पुष्कळ पांढरा प्रकाश आला आणि पुष्कळ व्हायोलिनं वाजली. मग क्षणभर धक्का दिसला. धक्का रिकामा. पाटी आली, समाप्त.



"आणि पाणबुडी?" गॉर्डीने टीव्हीला विचारलं.

टीव्हीवर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात सुरू होती.

"विसरले," माय यीआ म्हणाली. "आर्डेल, ते पाणबुडी विसरले हो."

"विसरतील कसे? पाणबुडी आहे ती, छत्री नाही." गॉर्डी उभा राहिला. "तीन वर्षं मी..."

आर्डेल वड्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून तिने सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकले. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, तिने कधी न पाहिलेल्या, बहुधा फार दमलेल्या लेखकांनी तिच्यावर केवढे उपकार करून ठेवले होते, आणि त्या बापड्यांना पत्ताही नव्हता.

आमच्याकडे निघायचं म्हणजे आधी मांड्यांवर थाप मारून "चला तर" म्हणायचं. मग दारात उभं राहायचं, मग पायऱ्यांवर, मग गाडीपाशी, मग काच खाली करून. पाहुणा किती वेळ निघतो यावरून पाहुणचार कळतो. आर्डेलला गेले दोन महिने भीती होती ती याचीच, की आज हे दोघं "चला तर" म्हणतील आणि खरंच जातील.

गॉर्डीने मांड्यांवर थाप मारली. "चला तर."

आर्डेलने त्याचा कोट दिला. कोट अर्धा चढवून तो दारातच थांबला. "पण धक्का रिकामा दाखवला. मुद्दाम दाखवला. का?"

"कारण ती निघालीय," माय यीआ पायऱ्यांवरून म्हणाली. "आत कोणीतरी आहे."

"सगळी तर टेकडीवर होती."

"सगळी होती का? तुम्ही मोजलीत?"

पायऱ्यांवर बेटावरच्या माणसांची मोजदाद झाली. पुन्हा झाली. आकडे जुळेनात. रस्त्यावरचे दिवे लागले, शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून कंटाळला, तरी गॉर्डीचा दुसरा हात कोटाच्या बाहीत गेला नव्हता. शेवटी गाडीत बसून त्याने काच खाली केली.

"आर्डेल, उद्या सहाला ना? मी बेटाचा नकाशा आणतो."

"तुम्हाला सवड असेल तर," आर्डेल म्हणाली.

"म्हणजे काय? उद्या शुक्रवार आहे."

माय यीआ मागे वळली. "तुम्ही नाही आलात तर याची ती पिल्लाची थिअरी मी एकटीने ऐकायची का?"

गाड्या वळून दिसेनाशा झाल्यावर आर्डेलने आत जाऊन बेव्हला फोन केला. पत्तेवाल्यांना दुसरं टेबल बघायला सांग म्हणाली. बेव्ह म्हणाली, "मी त्यांना कधीच सांगून टाकलंय, राणी."

त्या आठवड्यात देशभरातून मालिकेच्या कचेरीत संतापाची पत्रं गेली म्हणतात. गॉर्डीचंही गेलं, चांगलं लांबलचक. पोस्ट आर्डेलच्या वाटेवर, म्हणून त्याने ते तिच्याकडे दिलं. तिच्या पिशवीत तिचंही एक कार्ड होतं. आम्ही कुणी केकची बशी परत केली तरी आभाराचं कार्ड पाठवतो, आणि इथे तर शुक्रवार परत मिळाला होता. त्यावर तिने लिहिलं होतं, "पाणबुडीचं काय झालं ते सांगायचं आपण विसरलात, त्याबद्दल मनापासून आभार. कृपया आता सांगू नका." गॉर्डीच्या लिफाफ्यावर तिकीट कमी पडत होतं. त्यांनी खरोखरच त्याला उत्तर दिलं तर? आर्डेल टपालपेटीपाशी जरा घुटमळली. मग पिशवीतलं स्वतःचं जादा तिकीट काढून तिने त्याच्या लिफाफ्याला चिकटवलं, आणि दोन्ही टपालात टाकली.

ऑगस्टमध्ये दोघांना उत्तर आलं. एकसारखंच, छापील. पाठीमागे आभार, पुढे टॅलो आयलंडच्या धक्क्याचा फोटो. शुक्रवारी गॉर्डीने आपला फोटो टेबलावर आपटला. "ही यांची माफी."

माय यीआने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग बोट ठेवलं.

"हे पाण्यात काळं काय आहे?"

तिघांची डोकी एकत्र आली. बेव्ह मासे घेऊन आली, उभी राहिली, आणि कुणी वर बघत नाही म्हणून बशा हळूच ठेवून निघून गेली. कोबीच्या दोन वाट्या आर्डेलच्या पुढ्यात.