नुसत्या सॉल्व्हंटनेही पेशी मेल्या

संचालकांनी मला साडी जरा उजळ नेसायला सांगितलं, कारण परवा पत्रकार येणार होते. तोंडाच्या कॅन्सरवर आमच्या लॅबला नवं औषध सापडलं होतं. म्हणजे संचालकांना सापडलं होतं. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये काही कॅन्सरपेशी मेल्या होत्या, एवढंच. पेशी मारणं फार अवघड नसतं. इन्क्युबेटरचं दार नीट लागलं नाही तरी त्या मरतात.

काम तरन्नुमचं होतं. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तिसरं वर्ष. लोणी काळभोरहून रोज स्कूटरवर यायची आणि कमी बोलायची. संचालक गेल्यावर ती केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली.

"मॅडम, प्लेटमध्ये पेशींचे चार खाने उरले होते. त्यात मी नुसतं सॉल्व्हंट घातलं. औषध नाही. तरी पेशी मेल्या."

हे थोडं समजावून सांगते. आमचं औषध पाण्यात विरघळत नव्हतं. म्हणून ते आधी एका द्रवात विरघळवायचं आणि मग पेशींवर घालायचं. तो द्रव म्हणजे सॉल्व्हंट. तुलनेसाठी काही पेशींना औषध देत नाहीत, त्यांना कंट्रोल म्हणतात. पण सॉल्व्हंट कंट्रोललाही तेवढंच द्यायचं असतं. नाहीतर पेशी कशाने मेल्या ते कळत नाही. आम्ही कंट्रोलला ते कधी दिलंच नव्हतं.

"परत करून बघ," मी म्हटलं.

"तीनदा केलंय."

"मग आधी का नाही बोललीस?"

"पद्धत तुम्ही लिहिलेली आहे."

ती खरंच मीच लिहिलेली होती. वीस वर्षांपूर्वी, घाईत. लॅबमध्ये येणारा प्रत्येक विद्यार्थी तो कागद झेरॉक्स करून घ्यायचा.

"अजून एक आहे," ती खाली बघत म्हणाली. "तुमचा जुना पेपरही याच पद्धतीने केलाय."

त्या पेपरवर मी प्रोफेसर झाले होते. त्या क्षणी मला तिचा मनापासून राग आला. तिचं तरी काय? तीन वर्षं पाण्यात गेली होती आणि फेलोशिपचं एकच वर्ष उरलं होतं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर मला काही कळलं नसतं. मी तिला बसायला सांगितलं, आणि दोघींनी वह्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. ते निवेदन वाचत होते.

"पत्रकार परिषद रद्द करा. औषध काम करतंय की नाही, आम्हाला माहीत नाही."

"अहो, आमंत्रणं गेली आहेत. हे आपण नंतर बघू शकत नाही का?"

"नंतर पेशंट बघतील."

"चूक विद्यार्थिनीची आहे ना? तसं लिहून द्या."

"माझी आहे. तिने फक्त पकडली."

"तुम्ही फार भावनिक होता आहात."

"मग परिषदेत मीच सांगते. आपण फोटो काढून घ्या."

परिषद रद्द झाली. पत्रकारांना 'तांत्रिक कारण' कळवण्यात आलं, आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं. संचालक पुढे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. नोकरीत एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

तरन्नुमने सगळं पहिल्यापासून केलं. सॉल्व्हंट कमी केलं, कंट्रोल नीट ठेवले. औषध थोडं काम करत होतं, पण जुनी औषधं त्याहून बरी होती. मी तो जुना पेपर मागे घेतला. पत्र लिहायला दहा मिनिटं लागली आणि पाठवायला चार दिवस. फेलोशिप संपल्यावरचे सात महिने तिने क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवून काढले.

व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे एवढं करून औषध मिळालं नाहीच?"

"नाही सर," ती म्हणाली. "पण चुकीचं औषधही कोणाला मिळालं नाही."

तिला पीएच.डी. मिळाली.

विद्यार्थी चूक दाखवायला आला, तर मार्गदर्शकाने आधी केबिनचं दार लावावं. ऐकायला सोपं जातं, आणि आपला चेहरा कसा झालाय ते बाहेर कोणाला दिसत नाही.