बन्सीधर रंग सांगतो

पूर्णेत आमच्या ह्यांना कोण ओळखत न्हाई? सिद्धोधन म्हणजे स्नूकर लीगचा राजा. गल्लीतल्या बाया मला विचारतेत, "सत्यशीला, तुझा नवरा म्हणे एकबी बॉल चुकत न्हाई?" मी म्हणते, घरी पाण्याचा पेला जागेवर ठेवत न्हाईत, तेवढं विचारा की! रेल्वेत गाडी चालवतेत, लोको पायलट हायेत. सुट्टीला मात्र टायरच्या दुकानावरचा तो हॉल, हिरवं टेबल आन् हातात स्टिक.

लीगचे अध्यक्ष दत्तराव. तेबी रिटायर ड्रायव्हर, ह्यांचे गुरू. इंजिनात ड्रायव्हर आन् असिस्टंट सिग्नल मोठ्यानं बोलतेत. एकानं "हिरवा" म्हणलं की दुसऱ्यानं स्वतः बघून पुन्हा बोलायचं, चूक होऊ नये म्हणून. दत्तरावांनी ह्या वर्षी तीच तऱ्हा लीगमध्ये आणली. गुण लिहिणारा मार्कर बन्सीधर टेबलाशी उभा राहून, खेळणारा ज्या बॉलवर नेम धरील त्याचा रंग शॉटच्या आधी ओरडून सांगायचा. लोकांना लय मजा वाटली. टीव्हीवानी वाटतंय म्हणले.

मला मजा वाटली न्हाई. हे बाजारातून टमाटे आणायचे, अर्धे हिरवेकच्च. मी तणतणले की म्हणायचे, दुकानदारानं फसवलं. साखरेच्या आजाराची गोळी चोरून घेतेत हे मला आधीच ठाऊक होतं, आन् ती साखर डोळ्यावर उतरते म्हणतेत. एक दिवस पिकलेली लाल मिरची बाजूला काढा म्हणलं, तर हाताला लागेल ती काढायले.

तडक दत्तरावांचं घर गाठलं. "भाऊ, ह्यांना रंग कळेना झालेत. तुमाला ठाऊक हाय ना?"

दत्तरावांनी कप खाली ठेवला. "वहिनी, फायनल होऊ द्या. मग डॉक्टरला दाखवू. आत्ता बोभाटा केला तर गाडीवरून उतरवतील त्याला."

"आन् गाडीतली माणसं?"

"असिस्टंट हाय की शेजारी. बालाजी हुशार हाय."

असा संताप आला म्हणून सांगू! पाणीबी न पिता उठले. घरी ह्यांना विचारलं, तर माझ्यावरच खेकसले, "तुला काय कळतंय इंजिनातलं?" आन् डबा घेऊन ड्यूटीवर गेले. रेल्वेच्या ऑफिसाच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरले. आपल्याच माणसाच्या पोटावर पाय द्यायला धीर होत न्हाई हो. पण ते घरी येईस्तोवर मी दारातच बसून राहिले.

फायनलला हॉल गच्च भरला होता. निम्मी माणसं रेल्वेतली. बालाजी पुढच्याच खुर्चीत. टेबलावर एकच लाल बॉल राहिलेला, त्याच्या शेजारी ब्राऊन. ह्यांना लाल मारायचा होता. ह्यांनी स्टिकला खडू लावला, एका बॉलवर नेम धरला आन् थांबले. कान बन्सीधरकडं. सकाळी ह्यांना परभणीकडं गाडी न्यायची होती. माझं डोकंच फिरलं.

"बन्सीधरभाऊ, गप बसा!" मी उठून ओरडले. "त्यांचं त्यांना बघू द्या!"

दत्तराव "वहिनी, वहिनी" करीत धावले. मागून कोणीतरी म्हणलं, घरचं भांडण घरी करा, आन् माणसं हसायली. बन्सीधर बिचारा खरंच गप झाला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं वैऱ्याकडंबी कोणी बघत नसेल. सगळ्यांदेखत रंग विचारणार तरी कसा? वाकले. सफाईनं, एकदम सरळ मारला.

ब्राऊन बॉल पॉकेटात गेला.

आता कोणी हसेना. रेल्वेच्या माणसांना ह्याचा अर्थ सांगावा लागत न्हाई. हे टेबलाची कड धरून उभे राहिले. मला रडू फुटलं. माझ्या हातानं माझ्या माणसाची इज्जत गेली.

मग बालाजी उठला. "वहिनी, मागच्या आठवड्यात माझी जराशी डुलकी लागली होती. लालला मी हिरवा म्हणलो. साहेबबी हिरवा म्हणले. माझं मलाच कळलं, मी ओरडलो, तवा ब्रेक लागला. गाडी भरलेली होती."

"मग हे काय म्हणले?" मी विचारलं.

"हसले. म्हणले, तू जागा हायेस का बघत होतो."