मधल्या पायाचा काळा दोरा

संगे, ये बाई, अशी जवळ सरक. जालन्याला येतीस आणि काकूच्या उंबऱ्यावरूनच परत फिरतीस, हे काही बराबर न्हाई. चहा होईपर्यंत तरी टेक. तुला सांगायचं राहूनच गेलं, आमची मोटार नुसती उभी राहून आजारी पडायची.

हसू नको. तुझ्या काकांनी ती जुनीच घेतली, पण हट्टानं घेतली. त्यांचा उजवा गुडघा धरतो. या गाडीत क्रूझ का काय ते हाये. वेग ठरवून बटण दाबलं की पाय काढून घ्यायचा, गाडी आपली आपण पळती. बदनापूरकडचा मोकळा रस्ता लागला की हे पाय सैल सोडून असे बसायचे, जसा देवानं नवा गुडघाच बसवून दिला!

एवढं उघडं सुख! नजर लागणार! मी पुढं लिंबू-मिरची बांधली, तर ह्यांनी ती सोडून टाकली. म्हणाले, "गाडी हाये, रसवंती न्हाई." मंग मी विचार केला, लेकराला काळा दोरा कुठं बांधतो? पायाला. आणि गाडीचे पाय कुठं? वाकून बघितलं, तर ड्रायव्हरच्या पुढ्यात तीन पाय लोंबत होते! त्यातला मधला जरा भरलेला वाटला. वर हात घालून त्याला बिब्बा ओवलेला दोरा बांधला, आणि सुटू नये म्हणून शेजारच्या सळईला आवळून वेढे दिले. कुणाला सांगितलं न्हाई. (सांगितलं की गुण जातो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चावी फिरवली, तर गाडी फक्त 'टक्' म्हणाली आणि गप्प. मेस्त्री आला, दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून चालू करून गेला. रस्त्यावर गेलो तर क्रूझ धरेना. बटण दाबून दाबून गुडघ्याचं दुखणं अंगठ्यात आलं! वर मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून राह्यलेले, हातवारे करून राह्यलेले. हे म्हणाले, जळतात लोक.

नवी बॅटरी घातली, तीही बसली. चार्जिंग तपासलं, ते ठणठणीत. स्टिअरिंगवरची बटणं बदलली. क्रूझ हटून बसलेलं. मेस्त्री म्हणाला, गाडी उभी असताना काही तरी बॅटरी पिऊन राह्यलंय. मी मनात म्हटलं, पिणारं कोण ते मला ठाऊक हाये! गुपचूप दुसरा दोरा बांधला, पहिल्यापेक्षा आवळून. मंग तिसरा.

शेवटी आमच्या लेकानं, विलासनं फर्मान काढलं, दादा, गाडी विकायची, तुम्हाला रिक्षा लावून देतो. हे अर्ध्या भाकरीवरून उठले. तीस वर्षांत हा माणूस अर्ध्या भाकरीवरून उठलेला न्हाई गं! 

रविवारी भोकरदनहून गिऱ्हाईक आलं. सकाळीच वायर जोडून गाडी तयार ठेवली होती. माणूस जाणता. गाडी किती पळाली हे काट्यावर न बघता त्या तीन पायांवरचं रबर किती झिजलं त्यावरून ओळखायचं म्हणे. तो वाकला, मोबाईलची बत्ती लावली, आणि तसाच थिजला. बाहेर आला तो पांढराफटक.

"काका, या गाडीवर कुणी काय केलंय?"

हे वाकले. आत बिब्ब्यांची माळच! गिऱ्हाईकानं चहाला हात लावला न्हाई. चपला घालतानासुद्धा गाडीला पाठ केली न्हाई, आणि सुटला तो थेट बसस्टँडला.

विलासनं ब्लेडनं दोरे कापले. पायाचा दांडा खाडकन वर आला, आणि गाडीमागच्या फटीतला लाल उजेड विझला. मला वाटलं, गेला हिचा जीव! विलास मात्र तिथंच खाली बसून हसायला लागला. दोऱ्यांनी ब्रेक कणभर ओढून धरलेला. म्हणून मागचे दिवे कायम चालू, आणि बॅटरी खलास. ब्रेक दाबलेला असला की क्रूझही धरत न्हाई. गाडीची पाठ भिंतीला, वरून कव्हर. घरी दिवे दिसणार कुणाला? रस्त्यावरचे हॉर्न वाजवून तेच सांगत होते.  ज्या दृष्टीला एवढी शोधत होते, ती मीच!

संध्याकाळी हे बदनापूरपर्यंत जाऊन आले. क्रूझनं बराबर धरलं. आता मला बोलणी बसणार म्हणून मी पोळपाटामागं लपायची तेवढी बाकी होते. पण विलासचं वेगळंच. म्हणाला, आता चांगली चालतीय तवर विकून टाकू, पुढच्या रविवारी दुसरं गिऱ्हाईक आणतो. तो बाहेर गेल्यावर हे हळूच स्वयंपाकघरात आले.

"ऐकलं का, एखादा बिब्बा शिल्लक हाये?"

मी अख्खा डबाच पुढं केला! या वेळी जागा त्यांनी स्वतः दाखवली, समोरच्या आरशाला. नवं गिऱ्हाईक ती माळ बघून गाडीजवळसुद्धा आलं न्हाई. दारातूनच हात जोडून गेलं. विलासनं नाद सोडला.

चाललीस? बरं. पुढच्या वेळी हे गाडी घेऊन स्टँडवर येतील तुला न्यायला. तू पुढं बस, पुढची सीट आता मला मना हाये. मी आपली मागं, दोन्ही हात आरशात दिसतील असे मांडीवर ठेवून. लवकर ये गं, आणि मुक्कामाला ये.