शालीतले वाल

आमचे थोरले काका सैन्यात होते. लढाईत नद्यांवर पूल टाकायचं काम त्यांच्या तुकडीकडे असे. निवृत्त होऊन ते रोह्याजवळ खांब गावी शेती करू लागले. अकरा महिने त्यांना रोह्यात कुत्रं ओळखत नसे. नोव्हेंबरात भाताची कापणी उरकली, की पुढाऱ्यांना देशप्रेमाला सवड मिळे. मग नदीवरच्या जुन्या पुलाजवळ मांडव पडे आणि माजी सैनिकांचा सत्कार होई.

तो पूल काकांनीच बांधला, असं सत्कार समितीचे अध्यक्ष दरवर्षी ठोकून देत. पूल काकांच्या जन्माआधीचा. पहिल्या वर्षी काकांनी उठून तसं सांगितलं, तेव्हा अध्यक्षांनी त्यांच्या विनयासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. काका पुन्हा कधी उठले नाहीत.

दरवर्षी भाषण संपलं, की भर दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना, त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल पडे. आमच्याकडे नोव्हेंबरातली थंडी म्हणजे पंखा एका नंबराने कमी करायचा, एवढीच.

घरात शालींचा ढीग झाला. काकू भिजवलेले कडवे वाल फडक्यात बांधून त्या शालींत गुंडाळून ठेवू लागली. उबेनं मोड झकास येत.

एका वर्षी अध्यक्ष आमंत्रण घेऊन घरी आले आणि जेवायलाच बसले. वालाचं बिरडं दोनदा मागून घेत म्हणाले, "वहिनी, असे मोड आमच्याकडे येत नाय."

"कसे येतील?" काकू वाढता वाढता म्हणाली. "त्याला घरातला माणूस लढाईवर जाऊन यावा लागतो."