ग्रुपमधून काढलेला चेहरा

सुभेदारांना पुस्तक काढायचे होते आणि ते छायाचित्रांशिवाय काढायचे नव्हते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात एका दैनिकात उपसंपादक होतो. सुभेदार निवृत्त होऊन करकंबला ऊस करत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढलेल्या छत्रीधारी सैनिकांच्या एका तुकडीत ते होते, आणि त्या तुकडीचा इतिहास त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढला होता. पुण्याच्या एका प्रकाशकाने तो परत पाठवला. असे पुस्तक एखाद्या जनरलच्या नावावर असते तर विचार करता आला असता, असे त्याचे म्हणणे पडले.

"जनरल आमच्यासंगं उडी मारायला नव्हता," एवढेच सुभेदार म्हणाले. पुस्तक स्वतः काढायचे ठरले.

भाषा सरळ करणे आणि मुद्रिते तपासणे हे माझे काम. भाषेला फारसा हात लावावा लागला नाही. छत्री उघडेपर्यंत पोटात काय होते, दोर झाडात अडकले तर आधी कोणता कापायचा, हे त्यांनी शेतीची कामे सांगावीत तसे लिहिले होते. हट्ट होता तो छायाचित्रांचा. आपल्या जिल्ह्यातला तुकडीतला एकही माणूस पुस्तकात चेहऱ्याशिवाय राहता कामा नये.

"नाव कोण वाचतंय, साहेब? माणसं तोंड बघत्यात."

ते एस.टी.ने गावोगाव फिरले, लोकांच्या भिंतींवरच्या तसबिरी पोत्यात गुंडाळून घेऊन आले आणि काम झाल्यावर स्वतः जाऊन परत टांगून आले. परतलेल्यांचे फोटो मिळाले, मेलेल्यांचे मिळाले. एकाचा मिळेना.

तो करकंबचाच. दोघे बरोबर भरती झाले होते. एका पहाटेच्या उडीत विमानाच्या दारात सुभेदार त्याच्या मागे उभे होते. पुस्तकात त्यांनी लिहिले आहे: 'मी त्याला उडी घेताना पाहिले. उतरताना पाहिले नाही.' खाली दाट जंगल होते आणि तुकडीला पुढे जायचे होते. सरकारने आधी तो बेपत्ता असल्याचे कळवले, पुढे मृत समजून बायकोला पेन्शन लावली. बायकोने कुंकू पुसले नाही. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते तेव्हा. मी पाहिले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि कपाळावर आडवे ठसठशीत कुंकू होते. मधल्या काळात गावाने तिला ऐकवायचे ते ऐकवून घेतले. पेन्शन रांडवेची खाती आन् कुंकू सवाष्णीचं लावती, हे त्यातले सांगण्याजोगे.

सुभेदार तिच्या घरी गेले आणि पुस्तकात त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' एवढेच छापीन, असा शब्द देऊन आले. तिच्यासाठी सगळे पुस्तक त्या एका शब्दात होते.

शेवटी तुकडीतल्या एका जोडीदाराकडे प्रशिक्षण छावणीतला ग्रुप फोटो सापडला, पहिल्या उडीच्या आधी काढलेला. मागच्या रांगेत अंगठ्याच्या नखाएवढा त्याचा चेहरा. तेवढा मोठा करून घेण्यासाठी फोटो भवानी पेठेतल्या एका कारागिराकडे दिला. खाली माग चालत आणि माळ्यावर हा माणूस बारीक कुंचल्याने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढत बसे. त्याने मोठा केलेला फोटो परस्पर पुण्याला गेला, तिथून जस्ताचा ब्लॉक होऊन सोलापूरच्या छापखान्यात आला. चित्रांची पाने वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून मग पुस्तकात शिवायची होती. त्यांची मुद्रिते मला दाखवायची असे ठरले होते. छापखान्याच्या मालकाने दाखवली नाहीत. चित्रात काय तपासायचे, असे त्याने नंतर मलाच विचारले.

सुभेदार ऊसतोडीत अडकले होते तेव्हा ती पाने छापून झाली. मी गेलो तर गठ्ठे बांधायला घेतले होते. एका पानावर चार चेहरे होते. तिघे लढाईत मेलेले. घरच्यांनी दिले तसे, साध्या गणवेशातले फोटो. चौथ्याच्या गळ्यात टपोऱ्या फुलांचा हार, कपाळाला गंध आणि डोक्यामागे फिकट वलय. सबंध पुस्तकात हार घातलेला माणूस एकच होता, आणि नेमके त्याचेच मरण कुणी पाहिलेले नव्हते.

मी भवानी पेठ गाठली. कारागिराला आधी माझी तक्रारच कळेना.

"ग्रुपातनं एक तोंड काढून द्या म्हणून कोण येतंय, सांगा की," तो म्हणाला. घरात तेलुगू बोलणारा माणूस, मराठी तोडून तोडून बोलायचा. "जिता माणूस असला तर सोता येऊन खुर्चीवर बसतोय. मेल्यालाच ग्रुपातनं काढत्यात. आन् नुसतं तोंड दिलं तर घरचे परत आणत्यात, म्हणत्यात, हार कुटाय? म्हणून मी आदीच घालतो. हाराचं जादा घेत न्हाय."

"तो मेलेला नाही."

त्याने कुंचला खाली ठेवला. "मग जिता हाय?"

"माहीत नाही."

"मग चुकलंच की माजं. तुमचा ग्रुप तसाच हाय, हार मी मोठ्या कागदावर घातलाय. दुसरा करून देतो."

त्याने तो करून दिला, आणि खरोखरच जादा घेतले नाही. चूक एवढीच होती आणि ती इथे संपायला हवी होती. पुढे जे झाले ते माणसांनी समजून उमजून केले.

छापखान्याचा मालक पाने पुन्हा छापायला तयार नव्हता. "हार काय वाईट दिसतोय? उलट पान भरल्यासारखं वाटतंय," असे तो म्हणाला. मी पुस्तकातला 'बेपत्ता' हा शब्द दाखवला. "सरकारनंच मेला म्हटलंय. आपण सरकारपेक्षा शहाणे काय?" असे त्यावर उत्तर. मग त्याने खरे कारण सांगितले. प्रकाशन समारंभाला शहरातले एक पुढारी यायचे होते. शाळांसाठी प्रती घेऊ, असा त्यांचा शब्द होता. त्यांच्या चिटणिसाने सुभेदारांना न विचारता निमंत्रणपत्रिका याच छापखान्यात छापून घेतली होती. तीत एक ओळ होती: 'हुतात्म्याच्या वीरपत्नीचा सत्कार.' चिटणिसाने हाराचे पान पाहिले होते, त्याला ते पसंत होते, आणि सत्कारासाठी पांढरे पातळ आणूनही ठेवले होते.

पांढरे. कुंकू लावणाऱ्या बाईला भर सभेत, टाळ्यांच्या गजरात पांढरे पातळ द्यायचे आणि छायाचित्र काढायचे. यात कुणालाही काही गैर वाटले नव्हते. तिला विचारावे, हेही कुणाला सुचले नव्हते.

माझा निरोप मिळताच सुभेदार छापखान्यात आले. बरोबर ती होती. फोटो सापडलाय एवढे तिच्या कानावर गेले होते. तिच्याजवळ नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. चिटणीसही तिथेच बसला होता. सुभेदारांनी वाटेत तिला काही सांगितलेले दिसले नाही. त्यांनी पान उचलून तिच्या हातात दिले.

तिने ते डोळ्यांजवळ नेले. मग तळव्याने हाराचा भाग झाकला आणि पुन्हा पाहिले.

"भावजी, ह्यो हार कुणी घातला?"

"चूक झाली, वैनी."

"मग काढा की."

मालकाने तिला कागदाचा भाव सांगितला. आर्ट पेपर कुठून येतो, किती दिवस लागतात, समारंभ कधी आहे, हेही सांगितले. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "बरं. मग कवा काढताय?"

चिटणीस हसला. "बाई, पेन्शन घेताना मेला आणि फोटोत जिवंत? असं कसं चालेल?"

मी सुभेदारांकडे पाहिले. पण बोलली तीच.

"सरकारनं माजा माणूस नेला आन् हरिवला. हरिवल्याचं देतंय त्ये. मेला म्हनून न्हाय. मेला म्हनताय तर तुमी सांगा की, कुटं मेला? कुनी जाळला? कुनी पुरला?"

चिटणिसाने घड्याळ पाहिले. आवाज थोडा मऊ करून तो सुभेदारांना म्हणाला, "भावना समजतो. पण आता वेळ नाही. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करून टाकू."

"पयल्या आवृत्तीत मारायचा आन् दुसरीत जिता करायचा?" सुभेदार म्हणाले. "तुमच्या साहेबांना सांगा, सभा घ्या, भाषण करा, नारळ फोडा. पुस्तक न्हाय येत तितं."

"साहेबांना हे आवडणार नाही."

"न आवडू द्या. त्ये काय आमच्या कंपनीत हुते व्हय?"

समारंभ रद्द झाला. शाळांच्या प्रती अर्थातच गेल्या. छापलेली पाने मालक रद्दीत घालणार होता. सुभेदारांनी घालू दिली नाहीत. त्या पानांवर आणखी तिघांचे चेहरे होते आणि ते वाण्याच्या पुड्यांना गेलेले त्यांना चालणार नव्हते. सगळे गठ्ठे ते एस.टी.च्या टपावर टाकून गावी घेऊन गेले. पान नव्या ब्लॉकने, सुभेदारांच्या खर्चाने, पुन्हा छापले. तिघांच्या चेहऱ्यांखाली जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष होते. चौथ्याच्या खाली जन्माचे वर्ष, एक रेघ आणि 'बेपत्ता'. मुद्रित या वेळी मी मशीनपाशी उभा राहून पाहिले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने रेघेपुढे मृत्यूचे कोणते वर्ष टाकायचे ते विचारले. कोणतेच नाही, असे मी सांगितले.

प्रकाशन झालेच नाही. सुभेदारांनी पुस्तके घरोघर नेऊन दिली, जिथून तसबिरी आणल्या होत्या त्या घरांत आधी. तिने आपली प्रत घेतली, ते पान पुन्हा एकदा पाहिले आणि शेजारणीला हाक मारली. "ये गं, बघ. ह्ये आमचं मालक." लग्नानंतर पहिल्यांदाच कुणाला तरी नवरा दाखवत असल्यासारखी ती बोलत होती, असे सुभेदार मला म्हणाले.

काही महिन्यांनी एका साप्ताहिकात पुस्तकाचे परीक्षण आले. परीक्षकाने उपक्रमाचे कौतुक केले होते. शेवटी लिहिले होते, की चित्रांच्या पानावर एका हुतात्म्याचे मृत्युवर्ष अनवधानाने राहून गेले आहे. पुढील आवृत्तीत ही त्रुटी दूर व्हावी. 'बेपत्ता' हा शब्द त्या रेघेला लागूनच छापलेला होता.

मी सुभेदारांना ते वाचून दाखवले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ह्या समद्यांना त्याला मारायची लई घाई झालीय, साहेब."

मी साप्ताहिकाला खुलासा पाठवला. वर्ष राहून गेलेले नाही, ते कुणालाही माहीत नाही, एवढाच मजकूर होता. तो त्यांनी छापला नाही.