निवळ पाण्याचा पूर

वडील गेले तेव्हा इंद्रायणीवरची नाव माझ्या धाकट्या भावाला मिळाली. थोरला मी होतो. पण वडिलांनी जाण्याआधी त्यालाच जवळ बोलावून वल्हं त्याच्या हातात दिलं होतं. मी चिंचवड स्टेशनात पोर्टर म्हणून लागलो. तेव्हा पिंपरीकडे नुकते कारखाने उभे राहत होते. पगाराची नोकरी मिळाली म्हणून लोक मला नशीबवान म्हणत, आणि मी मात्र सुट्टीच्या दिवशी नदीवर जाऊन भाऊ नाव कशी वळवतो ते बघत बसे. चांगली वळवायचा. तेच सोसत नसे.

माझं हे जळणं गावाला ठाऊक होतं. नाव गळते, असं मी एकदा पारावर बोललो होतो. ती गळत नव्हती.

त्या पावसाळ्यात चाकणच्या बाजाराच्या सकाळी लोणावळ्याकडून आलेल्या गाडीचा गार्ड बोलता बोलता म्हणाला, वर घाटात पाऊस थांबत नाही, धरण काठोकाठ भरलंय, पहाटे पाणी सोडलं. एरवी त्या धरणाचं पाणी कोकणात उतरे. जास्तीचं झालं की आमच्या नदीला येई. पाण्याला गाडीपेक्षा उशीर लागतो, एवढं मला कळत होतं. मास्तरांना विचारून मी सायकल काढली.

नदीवर ऊन पडलं होतं. पाणी निवळ होतं. आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम एकच: तांबडं पाणी दिसलं की नाव बांधायची. त्यामुळे बायामाणसं, कांद्याची पोती, दोन शेळ्या, सगळं नावेत चढलं होतं. मी काठावरून सांगितलं, तर लोक हसले.

"आलं बघा टेसनमास्तर," एक म्हातारा म्हणाला. "आता नदीलाबी लाल झेंडा दावा."

भाऊ हसला नाही. वल्हं धरून माझ्याकडे बघत राहिला. तो काय शोधतोय ते मला कळलं, आणि ते शोधायचा त्याला हक्क होता.

"दादा," तो म्हणाला, "माझ्यावरचा राग बाजूला ठिवून सांग."

"पाणी सुटलंय," मी म्हणालो.

त्यानं सगळ्यांना उतरवलं आणि नाव वर ओढून बाभळीला बांधली. बाजार बुडाला म्हणून लोक त्याला नाही, मला शिव्या देत गेले.

मी तिथंच बसलो. दुपार कलली तरी नदी होती तशीच. मला वाटू लागलं, यावं. थोडंथोडकं नको, चांगलं दणकून यावं. मग त्याहून वाईट मनात आलं: नाव मधोमध असती, तर मी खरा ठरलो असतो. त्या नावेत माझा भाऊ असता, हे त्या क्षणी मला आठवलंच नाही.

बाजारातून नावा परतायच्या वेळेला पाणी आलं, ते आवाज न करता, गढूळ न होता. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या. दिवस मावळायच्या आत बाभळीचं खोड पाण्यात होतं, आणि नाव दोराला हिसके देत होती.

दुसऱ्या दिवशी लोक नारळ घेऊन आले ते भावाकडे. यानं नाव बांधली म्हणून वाचलो, म्हणाले. "मी न्हाई, दादानं सांगितलं," असं तो प्रत्येकाला सांगत होता. लोकांना त्यात त्याचा मोठेपणाच दिसला. मी ओट्यावर बसून त्याच नारळाचं खोबरं खात होतो.

त्यानंतर भावानं नियम वाढवला: तांबडं पाणी आलं की, नाहीतर दादा आला की, नाव बांधायची. वरून पाणी सुटल्याचं कळलं की मी सायकल हाणत जातो. तो मला लांबून बघतो आणि काही न विचारता दोर उचलतो. राग बाजूला ठेव, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही. त्याला वाटतं, माझा राग गेला. मी काठावर उभा राहून अजून त्याच्या हातातल्या वल्ह्याकडेच बघत असतो.